भुवईवरची खूण

वणीच्या सलीलनं तरुणपणी एका साप्ताहिकात गुप्तहेराची चित्रमालिका काढली होती. चोराचा चेहरा काही जमेना, म्हणून त्यानं गमतीनं सायकल दुरुस्तीवाल्या मित्राचा, इंद्रजितचाच चेहरा काढला, भुवईवरच्या खुणेसकट. तेव्हापासून अख्खा बाजार इंद्रजितला ‘चोर’ म्हणूनच हाक मारायचा. तोही हसून ओ द्यायचा.

तीस वर्षांनी त्या मालिकेवर पिक्चर निघाला. सलील इंद्रजितलाच सोबत घेऊन तो बघायला गेला. चोर पकडायची वेळ आली तसा सलील पडद्याऐवजी इंद्रजितकडेच बघू लागला. पण पडद्यावर चोर निघाला एक सुटाबुटातला डॉक्टर.

दिवे लागले, माणसं निघून गेली, तरी इंद्रजित जागचा हलेना. शेवटी सलीलचा हात धरून म्हणाला,



“आता बजारात सांगजो गा, चोर दुसराच निघाला म्हणून.”