सोवळ्यातला मसाला

चिठ्ठीवर नथ घातलेली, खोपा बांधलेली एक गोरीपान बाई छापली होती. तिच्या डोक्यावर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सोवळ्यात केलेला घरगुती काळा मसाला’. केशरबाईनं ते दोनदा वाचलं. शाळा चौथीतच सुटली होती, पण एवढं तिला बराबर वाचता येत होतं.

“शेठ, हे सोवळं कोणाचं?”

वसंतशेठ गल्ल्यामागून हसला. “छापायची रीत असते तशी. तू कशाला मनावर घेतीस?”

जालन्यात मस्तगडातल्या त्याच्या दुकानात दोन वर्षं तिच्याच हातचा मसाला खपत होता. आधी तो पत्र्याच्या डब्यात असायचा. गिऱ्हाईक वास घ्यायचं, आणि शेठ रद्दीच्या कागदात पुडी बांधता बांधता म्हणायचा, “घरचाच आहे.” कोणाच्या घरचा, ते कोणी विचारलं नाही. भीमनगरातली, छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातली बाई तो भाजते आणि कुटते, हे शेठनंही कधी सांगितलं नाही. मग अठ्ठ्याहत्तर साली त्यानं प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. केशरबाई घरी बसून एकेक पिशवी भरायची, तोंड करवतीच्या पात्यावर दुमडायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवून बंद करायची. बोटं पोळायची. तरी रांगेत मांडलेल्या पिशव्या पाहून तिला बरं वाटायचं. आता आत एकेक चिठ्ठी टाकायची, एवढंच राहिलं होतं.

“ह्याच्यावर माझं नाव टाका,” ती म्हणाली.

शेठचं हसू मावळलं. तो मनानं वाईट नव्हता. आवाज खाली आणून त्यानं समजावलं, “पिशवी बंद असली का आतला हात दिसत न्हाई, केशरबाई. हे तुझ्याच फायद्याचं हाय. नाव टाकलं तर कोण घेईन?”

“ज्याला घ्यायचा तो घेईन.”

तिनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा फळीवर ठेवला आणि पायरी उतरली. त्या दिवसापासून तिनं शेठसाठी मुसळ उचललं नाही.

तिचा नवरा कडूबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. हातचं काम बायकोनं सोडलं म्हणून तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यानं धने, खोबरं आणि लाल मिरच्यांचं गाठोडं आणून चुलीपाशी ठेवलं. केशरबाईनं कढई चढवली.

ती स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्या छापून घ्यायला गेली, तेव्हा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यानं तिच्याकडं मान वर करून पाहिलं. “नुसतं जालना टाकलं तरी चालतं, बाई. भीमनगर कशाला?”

“मी तिथंच राहते,” ती म्हणाली.

वीस पिशव्या घेऊन ती एस.टी.नं कुंभार पिंपळगावला गेली. ते तिचं माहेर. आठवडी बाजारात तिनं गोणपाट अंथरलं, पिशव्या मांडल्या, एक फोडून ताटलीत वासाला ठेवली. वास भाजीवाल्यांच्या रांगेपर्यंत जायचा. माणसं वासानं यायची, पिशवी उचलायची, वाचायची, ‘केशरबाई कडूबा खरात, भीमनगर, जालना’, आणि जागेवर ठेवायची. दुपार टळेपर्यंत एक पिशवी शाळेच्या मास्तरांनी नेली आणि एक तिच्या बालपणीच्या मैत्रिणीनं.

ऊन कलल्यावर पाटलीण झुंबरबाई आली. तिनं ताटलीतली चिमूट बोटांत घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

“असा मसाला आपल्या गावात कोणाला जमत न्हाई. जेवढ्या हायेत तेवढ्या दे. लेकीचं लगीन काढलंय.”

केशरबाईनं भराभर सतरा पिशव्या पाटलीणबाईच्या थैलीत भरल्या.

“तेवढ्या चिठ्ठ्या काढून दे,” झुंबरबाई हळूच म्हणाली. “मला काई न्हाई त्याचं, केशर. पण लग्नघरात दहा बाया राबतेत. कोणी वाचलं म्हंजे?”

केशरबाईचे हात थांबले. सतरा पिशव्या. त्यांत कडूबानं पाठीवर वाहिलेल्या कापसाच्या किती गठाणींची मजुरी होती, ते तिला ठाऊक होतं. चिठ्ठी काढायला फार तर पिशवीचं तोंड कातरावं लागलं असतं. नवीन पिशवीत भरून, मेणबत्ती लावून दिलं की झालं.

तिनं थैलीत हात घातला. एकेक पिशवी बाहेर काढली आणि गोणपाटावर पुन्हा मांडली, नाव वर येईल अशी.

“चिठ्ठीसकट न्या, पाटलीणबाई. न्हाईतर राहू द्या.”

“लई मिजास आली तुला,” असं म्हणून झुंबरबाईनं रिकामी थैली झटकली आणि ती निघून गेली.

केशरबाई घरी पोचली तेव्हा कडूबा दारात बसला होता. डोक्यावरचं ओझं पाहूनच त्यानं ओळखलं.

“किती गेल्या?”

“दोन.”

त्यानं एक पिशवी हातात घेऊन उलटसुलट केली. “मंग आता? नाव काढायचं का?”

“न्हाई,” केशरबाई म्हणाली. “अक्षरं बारीक पडलीत. उद्या छापखान्यात जाऊन मोठी करून आणते. लांब उभं राहणाऱ्यालाबी वाचता आलं पाहिजे.”