पूर्वेच्या खडकांतलं भूत

पूर्वेच्या खडकांत भूत दिसू लागल्यापासून बुडी मारणाऱ्या बायका तिकडे फिरकत नव्हत्या. बुडून मेलेली त्यांच्यातलीच एखादी बाई पांढऱ्या कपड्यांत येते, आवाबी शिंपला पुढे करते आणि तो घेणारी पुन्हा वर येत नाही, हे गावात लहानथोरांना ठाऊक.

"आई, नका ना जाऊ!" होडीतून सून चिहारू काकुळतीला आली.

"अगं, पाणी तापलं, आवाबी खातात ते शेवाळ गेलं. आवाबी उरलेत ते तिथेच. देव आहे ना पाठीशी!" शहात्तर वर्षांच्या मात्सुएबाईंनी डोक्याच्या रुमालावरची रक्षणाची चांदणी चाचपली आणि बुडी घेतली.

खाली पांढरी आकृती उभी होतीच. तिने खुणावत शिंपला पुढे केला. मात्सुएबाईंनी तो घेतला, कमरेची मापाची पट्टी काढून मापला आणि त्या सरसर वर आल्या.

"चिहारू, पोलिसांना फोन लाव. चोर आहे मेला!"

"चोर? कशावरून?"



"अगं, आपली बाई भूत झाली तरी ठरलेल्या मापाहून लहान आवाबी काढायची नाही!"