कपाचा कान

तीस वर्षांपूर्वी माझ्या हातून कप निसटायला लागले, एका डोळ्याला धूसर दिसू लागलं. ‘हिचं लक्ष असतं कुठे?’ सासूबाई म्हणायच्या. आमचे हे, पेशाने वायरमन, मान डोलवायचे. तेच जास्त लागायचं. शेवटी मेंदूचा एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्मवरचे पांढरे डाग दाखवले. ‘मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची संरक्षणयंत्रणाच नसांवरचं आवरण खाते. का, ते नक्की ठाऊक नाही.’ हे म्हणाले, ‘म्हणजे वायरवरचं इन्सुलेशन गेलंय, आणि आम्ही हिलाच बोल लावत बसलो.’ घरी येताच त्यांनी कामाच्या पिशवीतून काळी टेप काढून माझ्या कपाचा कान जाड गुंडाळला. ‘याने बरी होईल?’ सासूबाईंनी विचारलं. ‘नाही. पण कप सुटणार नाही.’ कप अजून तोच. टेप सैल झाली की हेच बदलतात. हल्ली त्यांचा हात थरथरतो, म्हणून टोक मी धरते.