साबणाचं पाणी

मिस्त्रीने बसखालून डोकं बाहेर काढलं, तेव्हा फोरमन समोर उभाच होता.

"गाडी तपासतोस की तिची दाढी करतोस? बाकीचे हुंगतात, सही करतात, गाडी रस्त्यावर!"

मिस्त्रीच्या हातात साबणाच्या पाण्याचा डबा आणि ब्रश होता. गॅसच्या नळीच्या एकेका जोडाला तो फेस लावायचा आणि कुठे बुडबुडा फुगतोय का ते बघत बसायचा. गॅसवरच्या बसगाड्या आल्यापासून सगळा डेपो त्याची टर उडवत होता.

त्याआधी तीस वर्षं त्याने डिझेलच्या गाड्यांखाली काढली होती. रोज नाकातोंडात धूर, रोज रुमाल काळा. नव्या गाड्यांना ना धूर ना काजळी. गळती कळावी म्हणून गॅसला तेवढा उग्र वास दिलेला, कुणालाही यावा असा. मिस्त्रीला येत नव्हता. परवा घरी शेगडीवर दूध करपलं आणि हा शेजारी पेपर वाचत बसलेला. बायको बाहेरून धावत आली, नको नको ते बोलली. तिलाही त्याने खरं सांगितलं नाही. अनफिट ठरला तर नोकरी जाणार होती. निवृत्तीला अजून चौदा महिने होते आणि धाकटीचं शिक्षण व्हायचं होतं.

"स्टॉपवर माणसं खोळंबलीत," फोरमन म्हणाला. "तो डबा ठेव. हुंग आणि सही कर."

मिस्त्री वाकला. नळीला नाक लावून त्याने श्वास ओढला. नुसती हवा आत गेली. त्याने वहीवर पेन टेकवलं, आणि मग वही मिटली.

"साहेब, मला वास येत नाही. दोन वर्षं झाली, कसलाच येत नाही. काढायचं तर काढा."

बोलून टाकलं एकदाचं. आता त्याला फक्त कुठेतरी खाली बसावंसं वाटत होतं.

फोरमन ओरडला नाही. दोघं एकाच दिवशी कामाला लागले होते, एकाच गाडीखाली धूर खाल्ला होता.

"सकाळपासून अकरा गाड्या मी स्वतः हुंगून सोडल्यात," तो हळू आवाजात म्हणाला.

मिस्त्रीने वही बाजूला ठेवली.

"मलाही येत नाही रे."

फोरमनची नजर फाटकाकडे गेली. अकरा गाड्या गेलेल्या त्या रस्त्यावर धुराचा मागमूसही नव्हता.