बॅगेतली अन्नपूर्णा

तन्वीच्या शाळेची सहल विमानाने आणि पुढे बोटीने भूमध्य समुद्रातली बेटं बघायला निघाली होती. पालकांनाही मुभा होती, पण हरिहरला म्हणे सौदीतल्या जुबैलच्या प्लांटमधून रजा मिळेना. तरी मायलेकींच्या बॅगा त्यानेच भरल्या. अनुराधाच्या माहेरची अन्नपूर्णासुद्धा आत ठेवली.

"अहो, दहा दिवसांसाठी देव कशाला?" ती हसली होती.

विमानतळावर अधिकाऱ्याने दोघींचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, काढून घेतले. "फायनल एक्झिट. खलास. आता परत येता येणार नाही."

अनुराधाने हरिहरला फोन लावला.

"नोकरी गेली गं," हरिहर म्हणाला. "आधी सांगितलं असतं तर तू निघालीच नसतीस. सहल झाली की परस्पर नाशिकला जा. तोवर पोरीला कळू देऊ नकोस."

"मम्मा, बाबांना विचार ना," तन्वी रांगेतून ओरडली, "येताना त्यांच्यासाठी काय आणायचं?"