पिवळं विमान कोण चालवतंय?

"टॉवर, पिवळं विमान उतरायला येतंय," रेडिओवर काकूंचा आवाज आला आणि फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरींच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला.

टॉवरमधल्या कंट्रोलरने रेडिओचा आवाज वाढवला. महिन्यापूर्वी काकांच्या कानांची तपासणी झाली होती. डॉक्टरांनी मागे उभं राहून हाका मारल्या आणि काका समोरच्या कॅलेंडरवरचं चित्र बघत बसले. लायसन्स गेलं ते गेलंच. मग सेक्रेटरींनी क्लबचं ते पिवळं विमान विकायचा घाट घातला. काकांशिवाय ते चालवणार कोण, ठेवून करणार काय, असं सगळ्यांना पटवून झालं. विकण्याआधी इंजिन तपासायला ते नदीपलीकडच्या विमानतळावर पाठवलं होतं. क्लबचा पायलट उद्या जाऊन ते आणणार होता आणि परवा गिऱ्हाईक येणार होतं. गिऱ्हाईक म्हणजे सेक्रेटरींचाच मेहुणा.

आणि ते विमान आजच हवेत होतं.

काका-काकूंची जोडी क्लबमध्ये सगळ्यांना पाठ होती. दर रविवारी दोघं उडायची. हात काकांचे, आवाज काकूंचा. रेडिओवर काकांना कुणी कधी ऐकलंच नव्हतं. काका अबोल, काकू तोंडाळ, देवाने बरा हिशेब जुळवला, असं म्हणून लोक हसायचे. कान गेलेत हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता वर आवाज काकूंचा होता. हात कुणाचे, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"म्हातारा बिनलायसन्सचा उडतोय," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना राग आला होता म्हणावं तर चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. विमान कोण चालवतंय ते काकूंना सरळ विचार, म्हणून ते कंट्रोलरच्या मागे लागले.

कंट्रोलरने विचारलं नाही. रेडिओवरचा शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो. काकूंनी एकदा "हे चालवतायत" म्हटलं की विमानाला सील लागणार आणि या वयात काका कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार. न विचारावं तर स्वतःच्या नोकरीवर गदा. त्याने घाम पुसला आणि नेहमीच्या आवाजात नेहमीचंच बोलला.

"काकू, धावपट्टीवर शिकाऊ विमान आहे. काकांना विचारा, डोंगराच्या बाजूने एक चक्कर मारता येईल का?"

"जमणार नाही," उत्तर लगेच आलं. "तिकडे ढग खाली आलेत. नदीच्या बाजूने फिरून येते."

त्यावर कुणी वाद घालायचा नसतो. टॉवरने काहीही सांगो, धोका दिसून पायलटने नाही म्हटलं की नाही. पण सेक्रेटरींना नाही ऐकायची सवय नव्हती. त्यांनी कंट्रोलरच्या हातातला माईक ओढून घेतला आणि काकांनी ही थेरं बंद करावीत, मुकाट्याने उतरावं आणि विमानाची किल्ली आणून द्यावी, असं काकूंना ठणकावलं.

"उतरते," काकू म्हणाल्या. "किल्ली मिळणार नाही."

सेक्रेटरी पुढचं बोलणार, तोच जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेले, धापा टाकणारे काका आत आले आणि बहिरी माणसं बोलतात तसे खच्चून म्हणाले, "आली का ही?"

सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला. कंट्रोलरने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे पाहिलं, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की नाचावंसं वाटलं. त्याने माईक काढून घेतला. मघाशी जो प्रश्न टाळला होता तो आता त्याने सावकाश, शब्द सुटे सुटे करून, रेकॉर्ड व्हावा म्हणूनच विचारला.

"काकू, विमान कोण चालवतंय?"

"मी. एकटीच आहे. गुरुवारी नदीपलीकडच्या क्लबात परीक्षा पास झाले. लायसन्स पर्समध्ये आहे, उतरले की दाखवते."

म्हणजे गेलं वर्षभर काकू बहिणीकडे जाते म्हणून दर मंगळवारी जात होत्या, ती बहीण ही होती तर. शिकाऊ विमान बाजूला झालं. कंट्रोलरने उतरायची परवानगी दिली. पिवळं विमान नदीवरून वळून आलं. काका काचेला नाक लावून उभे होते आणि त्यांचा उजवा हात हवेतच विमानाचा न दिसणारा दांडा हळूहळू मागे ओढत होता. चाकं टेकली ती कळलीसुद्धा नाहीत. काकांनी डोळे पुसले आणि ते लपवायच्या भानगडीत पडले नाहीत.

सेक्रेटरी मात्र हार मानणाऱ्यातले नव्हते. मेहुण्याला शब्द दिलेला होता. त्यांनी पुन्हा माईक धरला आणि आवाजात काळजी आणली.

"काकू, परीक्षा पास होणं वेगळं. इतकी वर्षं काका शेजारी होते. आता वर एकटीला अडचण आली, तर विचारणार कुणाला?"

धावपट्टीवरून वळता वळता काकूंनी उत्तर दिलं.

"तुम्ही टॉवरवाले 'काकांना विचारा' म्हणायचात, तेव्हा मी कुणाला विचारत होते? त्यांना ऐकू कुठे येत होतं? मी हाताने दाखवायचे, ते तिकडे वळायचे."