रश्शाचा रंग

पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर रक्ताचा ठिपका पडला तेव्हा मास्तरांनी मशीन थांबवलं. बोटात सुई घुसणं हा शिंप्याच्या धंद्याचा भागच. चाळीस वर्षांत त्यांनी तिकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण आज बोट दाबून धरलं तरी रक्त थांबेना. तीन चिंध्या भिजल्या. सकाळी दात घासतानाही चूळ लाल आली होती. गिऱ्हाइकाचा शर्ट गार पाण्यात बुडवून, दुकानाला कुलूप लावून ते दवाखान्यात गेले.

मास्तरांच्या हृदयात एकोणीस वर्षांपासून धातूची झडप होती. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रोज एक गोळी घ्यायची आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. आकडा तीनच्या आसपास हवा. घसरला तर गुठळीची भीती, चढला तर रक्तस्रावाची. पहिले सहा महिने सोडले तर तो जागचा हलला नव्हता. डॉक्टरबाई नवशिक्या डॉक्टरांना मास्तरांची फाईल कौतुकानं दाखवत. मागच्या महिन्याची तपासणी तेवढी राहून गेली होती, कारण आठवण करून द्यायला कोणी उरलं नव्हतं. आज आकडा साडेपाच आला.

"गोळी चुकून दोनदा घेतलीत का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही. बायको डबीत वारांप्रमाणे भरून ठेवायची. तशीच भरतो."

"दुसरं एखादं औषध? काढा, चूर्ण?"

"काही नाही."

"खाण्यात काही बदल?"

"बदल होऊ नये म्हणून तर जीव काढतोय," मास्तर म्हणाले.

ते खरंच होतं. बायको जाऊन दीड महिना झाला होता. तिचे कपडे लेकीनं नेले, फोटो भिंतीवर लागला, पण मास्तरांना हवी होती ती तिच्या हातच्या रश्शाची चव. एकदाच, एका घासापुरती. तो रस्सा काळपट आणि दाट असायचा. रंग कशानं येतो विचारलं की ती म्हणायची, "कांदा धीरानं भाजावा लागतो. तुमच्यासारख्या उतावळ्याचं काम नाही ते." म्हणून मास्तर रोज संध्याकाळी धीरानं कांदा भाजत. एकदा तर इतका धीर धरला की धूर बघून शेजारीण धावत आली. रंग जमायचा, पण घास कडू लागायचा. मग ते वाटी तशीच पुढ्यात ठेवून बसून राहत.

"पालेभाजी?" डॉक्टरबाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

"ते तुमच्या फाईलमध्येच आहे. जन्मात खाल्ली नाही." बोलता बोलता मास्तरांच्या आवाजात जुना तोरा आला. "तुम्हीच सांगितलं होतंत, रोज थोडी आणि रोज सारखीच खा म्हणून. घरी गेलो तर ताटात पालक. मी म्हटलं, मी माणूस आहे, शेळी नाही. दोन-तीन आठवडे तिनं डोकं खाल्लं, मग हात टेकले. म्हणाली, बरं, राहिलं. त्यानंतर कधी विषय नाही. संसारात मी जिंकलो ते तेवढं एकदाच."

डॉक्टरबाई फाईलची पानं मागे मागे उलटत गेल्या.

"हे भांडण कधी मिटलं?"

"ऑपरेशननंतर सहाएक महिन्यांनी."

"सातव्या महिन्यातच तुमचा आकडा बसलाय." त्यांनी चष्मा काढला. "मास्तर, पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं. ते रक्त गोठायला मदत करतं. तेलातुपात विरघळतं, म्हणून तेलात परतून खाल्लं की अंगी चांगलं लागतं. तुमची गोळी त्याच्या उलट काम करते. दोन्ही रोज ठरल्याप्रमाणे पोटात गेलं की मेळ बसतो. पालेभाजी न खाणाऱ्याला एवढी गोळी सहसा सोसत नाही. ही गोळी रोज वाटीभर पालेभाजी खाणाऱ्या माणसाची आहे."

"मग फाईल बदलली असेल कुणाची तरी," म्हणत मास्तर हसायला गेले. हसू अर्ध्यातच विरलं.

सुट्टीच्या दिवशी ते दुपारी खिडकीशी बसून जेवत. तेव्हा वाटीच्या कडेला लागलेला रस्सा त्यांना हिरवट दिसायचा. तसं म्हटलं की ती गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "चष्म्याचा नंबर तपासून घ्या." त्यांनी दोनदा तपासूनही घेतला होता.

त्यांना राग यायला हवा होता. तो आला नाही. ती आत्ता समोरच्या खुर्चीत असावी, आपण म्हणावं 'पकडलं तुला', आणि तिनं तोंडावर हात धरून हसावं, एवढंच त्यांना वाटलं. ते इतकं वाटलं की डोळे भरून आले आणि ते लपवायचं भानही राहिलं नाही.

डॉक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "दोन दिवस गोळी बंद. परवा पुन्हा तपासू. पुढे गोळी कमी करते, म्हणजे पालेभाजीची कटकट नको." आणि त्या लिहू लागल्या.

"कमी नका करू," मास्तर म्हणाले. "आहे तेवढीच राहू द्या."

"मग रोज खावी लागेल. रोज तेवढीच."

मास्तरांनी मान हलवली. खिशातून मापं लिहायची वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन्सिल टेकवली.

"सांगा," ते म्हणाले. "पालक निवडायचा कसा?"